भवानीचं पान

आमच्याकडच्या आठवडी बाजारात भवानी व्हायच्या आधी भाजीवाला स्वतःच्या डाल्यातलं एक पान कच्चं खातो. पालक असेल तर पालकाचं पान, मुळा असेल तर मुळ्याचा चावा, सांभार म्हणजे कोथिंबीर असेल तर दोन काड्या. गिऱ्हाइकासमोर, न धुता, नीट चावून. त्यानंतर पहिली जुडी विकायची. हे कुणी सुरू केलं ते ठाऊक नाही, पण का सुरू केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या भाजीच्या साऱ्या वाड्या नाल्याच्या काठी आहेत, आणि नाला गावातून येतो.

माझे सासरे हे पान फार ऐटीत खात. दुपट्टा खांद्यामागे टाकायचा, जुडी सोडायची, मधलं पान निवडायचं. वरचं नाही, वरचं पान तर कोणीही घरून धुऊन आणेल, असा त्यांचा न्याय. मग समोरच्याच्या डोळ्यांत बघत खायचं आणि म्हणायचं, "मी मेलो तं साऱ्यायले भाजी फुकट." लोक हसायचे आणि पदरात जुड्या घ्यायचे. त्या एका पानावर आमची वाडी चालत होती.

पुढे ते पान खायचं थांबलं, आणि का थांबलं हे आम्ही सगळ्यांनी चुकीचं ओळखलं. मीसुद्धा. त्या चुकीत जो वेळ गेला तो त्यांच्या जिवावर बेतणार होता. म्हणून हे लिहून ठेवते.

माझं माहेर हिंगणीचं. तिथे धरण जवळ, जंगल जवळ, पाण्याबद्दल मनात शंका येण्याचं कारणच नाही. तरी मी संशयी निघाले. दूध आलं की बोट बुडवून पाहते. बियाण्याची थैली उजेडात धरते. कुणी उगाच गोड बोललं की आधी घरातल्या वस्तू जागेवर आहेत का ते बघते. नवरा एसटीत कंडक्टर आहे, आर्वीच्या डेपोला, आठवड्यातून एकदा घरी येतो. तो म्हणतो, डेपोनं माझ्याऐवजी तुलाच घ्यायला पाहिजे होतं, एक माणूस बिनतिकिटाचा सुटला नसता. बाजारातही माझं हे नाव झालेलं. माझ्या हातात फाटकी नोट द्यायची कुणाची छाती होत नसे.

लग्न होऊन आले त्याच हिवाळ्यात मी सासऱ्यांना म्हटलं होतं की विहिरीजवळ घरापुरता एक वेगळा वाफा करू, त्याला विहिरीचंच पाणी देऊ. ते ओंजळीनं पाणी पीत होते. तोंड पुसून म्हणाले, "जे लोकायले, तेच आपल्याले. वेगळा वाफा पायजे असन तं बाजारात डालंही वेगळं घेऊन बसजो." विषय तिथेच संपला. तेव्हापासून मी नाल्यावरचा पालक घरी आणून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते आणि त्यात काही म्हणजे काही जिवंत राहणार नाही इतका शिजवते. बाजारात मी त्यांच्या शेजारी बसून जुड्या बांधायची, हिशेब बघायची. पान मात्र मी कधीच खाल्लं नाही. ते काम त्यांचं होतं, आणि मला ते सोयीचंच होतं.

एका बाजारी माझं लक्ष गेलं. त्यांनी पान तोंडात घातलं, चावलं, ठरलेलं वाक्य म्हटलं, लोक हसले. मग ते पोतं सारखं करायच्या निमित्ताने मागे वळले आणि दुपट्ट्याच्या टोकात हळूच थुंकले. संशयी माणूस लगेच बोलत नसतो, आधी आणखी एकदा बघतो. पुढच्या बाजारी तेच. त्याच्या पुढच्या बाजारी त्यांनी पान खाल्लंच नाही. एका बाईनं विचारलं, "काऊन बुवा, आज पान नाई खाल्लं?" त्यांनी जुडी झटकली, नाल्याच्या दिशेला बघितलं आणि म्हणाले, "आजकाल पान्याचं काई सांगता येत नाई बावा."

एवढंच बोलले ते. पण स्वतःच्या मालाबद्दल भाजीवाला असं कधी बोलतो का? बाजार संपायच्या आत ते वाक्य या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलं होतं, आणि परत येताना वाढून आलं होतं. नाल्यात औषध सोडतात. कुठलं औषध? वरच्या हॉस्पिटलचं. कुणी पाहिलं? बुवानं पाहिलं, म्हणून तर पान खाणं सोडलं.

हे हॉस्पिटल आमच्या वाड्यांच्या वरच्या अंगाला आहे. खाजगी, तीन मजली, काचा लावलेलं. त्याचं सांडपाणी त्यांच्याच आवारातल्या टाक्यांमधून साफ होऊन नाल्याला मिळतं. आधी टाक्या नव्हत्या तेव्हा पाण्याला वास यायचा, पण पालक हिरवागार व्हायचा आणि आमची कुणाचीच तक्रार नव्हती. टाक्या झाल्या, पाणी नितळ यायला लागलं, तेव्हापासून लोकांच्या मनात पाल चुकचुकत होती. एवढं साफ करायचं म्हणजे त्यात काहीतरी असणारच, नाहीतर उगाच कोण खर्च करतं! दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. आम्ही तर नुसतं पाणीच फुंकून पीत होतो.

मग पालक विकला जाईना. अल्लीपूरच्या भाजीवाल्या शेजारीच बसून मोठ्यानं म्हणायच्या, "आमची विहिरीची हाय वं माय, खाऊन दावतो," आणि खाऊन दाखवायच्या. आम्ही भरलेली डाली घरी आणून बकऱ्यांपुढे टाकायचो. मला वाटायचं, सासरे खवळतील. ते गप्प बसायचे. मी त्यांच्या गप्प बसण्याचाही अर्थ लावला, की म्हातारा मनातल्या मनात हॉस्पिटलवाल्यांशी भांडतो आहे.

शेवटी आम्ही वाड्यांवरच्या सगळ्या बायका एका सकाळी पालकाची डाली घेऊन हॉस्पिटलच्या गेटावर जाऊन बसलो. सासरे मागे, दुपट्ट्यानं तोंड झाकून. दुपारपर्यंत आम्हाला कुणी विचारलं नाही. मग आतून एक माणूस आला. टक्कल पडलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आल्या आल्या चिडलेला. तो तिथला पाण्याचा इंजिनियर होता. त्याची बोली पुण्याकडची होती, म्हणजे आमच्या दृष्टीने एक संशय आणखी वाढला.

"वास येत होता तेव्हा कुणी आलं नाही," तो म्हणाला. "आता पाणी साफ आहे तर तुम्ही गेटावर!"

"साफ आहे म्हनूनच आलो," मी म्हटलं. "एवढं साफ काऊन करता? काय लपवून राह्यले?"

मला वाटलं, आता हा उडवून लावणार. पण कुणीतरी हे विचारावं म्हणून बऱ्याच दिवसांपासून वाट बघत असलेल्या माणसासारखा तो खाली पायरीवर बसला. त्यानं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. स्कॅन करायच्या आधी पेशंटच्या शिरेत एक औषध देतात. त्यात आयोडीन असतं, त्यामुळे पोटातले भाग फोटोत उठून दिसतात. ते अंगात राहत नाही, दिवसभरात लघवीवाटे होतं तसंच्या तसं बाहेर पडतं. टाक्यांमध्ये जे जंतू वाढवलेले असतात ते बाकीची घाण खातात, याला तोंड लावत नाहीत. म्हणून ते टाक्यांतून फिरून सरळ नाल्याला येतं.

"रंग कोनता असते त्याले?" एकीनं विचारलं. बरोबर प्रश्न होता. आम्ही सगळ्यांनी नाल्यात लाल, निळा काहीतरी दिसेल म्हणून रोज डोळे फाडून बघितलं होतं.

"रंग नसतो. वासही नसतो."

रंग असता तर बरं झालं असतं, निदान दिसलं तरी असतं. न दिसणारी गोष्ट आहे म्हणून सांगणारा माणूस, तोही तिथलाच पगार खाणारा. हा आपल्याला घाबरवतो आहे की गप्प करतो आहे, ते मला कळेना.

"जहर हाय का?" मी सरळ विचारलं.

"शिरेत देतात ते विष कसं असेल? पण पाण्यात ते लवकर मोडत नाही. आणि पुढे कुठे त्या पाण्यात क्लोरीन पडलं, तर त्यातून जे तयार होतं ते चांगलं नसतं. म्हणून ते पाण्यात जाऊच नये, एवढंच माझं म्हणणं आहे. वरच्यांना केव्हापासून सांगतो आहे. पालकानं कुणाचं पोट दुखलं असेल, असं मात्र मी म्हणणार नाही."

शेवटचं वाक्य आम्ही कुणीच ऐकलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण घेतलं नाही. मागे सासरे उभे होते. त्यांनी ऐकलं असणार, असं आता वाटतं, कारण ते तिथून आमच्या आधीच घरी निघून गेले.

गेटावर बसण्याचा उपयोग झाला. कोळशाची दोन उंच नळकांडी बसली, त्यातून पाणी जायला लागलं. कोळसा ते औषध धरून ठेवतो म्हणे. मी विचारलं, सगळं धरतो का? इंजिनियर म्हणाला, बरंचसं, सगळं नाही, आणि कोळसा लवकर भरतो, बदलावा लागतो. 'सगळं नाही' असं म्हणणारा साहेब मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तो तेव्हाच थोडा पटला होता, पण मी ते कबूल केलं नाही.

दुसरी गोष्ट डब्याची. स्कॅन झालेल्या प्रत्येक पेशंटला घट्ट झाकणाचा पांढरा डबा द्यायला सुरुवात झाली. घरी गेल्यावर दिवसभर यातच लघवी करा आणि डबा परत आणून द्या, म्हणजे ते पाण्यात मिसळायच्या आधीच धरता येईल. बेत चांगला होता. पण आमची माणसं! दुसऱ्याच दिवशी ओट्याओट्यावर एकच चर्चा. शेजारीण म्हणाली, "एवढं महागाचं औषध, ते सोडतीन काय? वापस काढून दुसऱ्याले टोचत असतीन." मीही मान हलवली. पटण्यासारखंच होतं. हॉस्पिटल कुणाच्या लघवीची वाट बघतं म्हणजे त्यात त्याचा फायदा असलाच पाहिजे. मग लोक काय करायचे, आपलं औषध आपण फुकट का द्यायचं म्हणून डबा नाल्यात रिकामा करायचे, राखेनं घासायचे आणि त्यात तूरडाळ भरून ठेवायचे. जे नाल्यात जाऊ नये म्हणून गेटावर बसलो, ते आता हातानं नेऊन नाल्यात ओतत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सासऱ्यांचं पान अजून सुरू झालं नव्हतं. कोळसा बसला, डबे आले, बाजारातल्या बायका विचारायच्या, "बुवा, आता तं खा." ते म्हणायचे, "पाहू. अजून भरोसा नाई." माझ्यासारख्या बाईला हे उत्तर बरोबर वाटायचं. भरवसा इतक्या लवकर बसतो का कधी?

मग एका दुपारी मी बकऱ्यांना चारा टाकायला गेले तर गव्हाणीत भाकरीचे तुकडे. माझ्याच हातची भाकर, मी ओळखणार नाही का! तीळ लावलेली, सासऱ्यांसाठी केलेली. मी तिथेच उभी राहिले आणि माझं डोकं आपोआप चालायला लागलं. इतके दिवस ते हॉस्पिटलवर चाललं होतं, आता घराकडे वळलं. हल्ली ते जेवायला माझ्यासमोर बसत नव्हते, ताट घेऊन वाडीत जायचे. वरणाचं पाणी मागून घ्यायचे, कांदा नको म्हणायचे. बनियन खांद्यावरून घसरत होती. धोतर दोनदा खोचलेलं असायचं. आणि थुंकलेलं ते पान! ते पान त्यांनी चावलं होतं. पाण्याची भीती असती तर तोंडात तरी कशाला घातलं असतं? चावलेलं गिळता आलं नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. साऱ्या जगाच्या पाण्यात मी औषध शोधत फिरले आणि घरातलं माणूस वाळत होतं ते मला दिसलं नाही. मला स्वतःचा इतका राग आला की मी बकरीलाच एक धपाटा घातला.

ते पालकाच्या वाफ्यात बसून तण काढत होते. मी समोर जाऊन बसले.

"मामाजी, पान्याचा वहीम तुमाले कवापासून आला?"

"तुलेच तं जास्त हाय वहीम. मले काऊन विचारतं?"

"पान्याचा नाईच हाय तुमाले. पोटात काय होऊन राह्यलं?"

त्यांनी तण उपटलं, मुळाची माती झटकली, आणखी एक उपटलं. ते तण नव्हतं, पालकाचं रोप होतं. मग छातीच्या खाली, मधोमध हात ठेवला. "अथीसा अडकते. गिळलेलं खाली जात नाई. उलटून येते." त्यांचे थोरले भाऊ असेच गेले होते. आधी भाकर सुटली, मग भात, मग पाणी. सासरे त्यांच्या उशाशी बसलेले होते, त्यांना सगळं पाठ होतं.

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं तं दाखवा लागन. दाखवलं तं दिसन." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बाजारात त्या बाईनं विचारलं, म्या सहज पान्याकडे बोट केलं. साऱ्यायनं मानलं. मंग मलेही बरं वाटलं, पोटाच्या जागी पानी आलं. गेटावर तो साहेब म्हने, पालकानं कोनाचं पोट दुखत नाई. तवा कळलं का आता लपता येत नाई."

मला रडू आलं. ते मला आवडतात हे मला तोपर्यंत इतकं स्पष्ट माहीत नव्हतं. मी डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, उद्या डॉक्टरकडे जायचं.

ते आले, माझ्या तोंडाकडे बघूनच आले असतील. नवरा रजा टाकून आला. डॉक्टरनं पोट दाबलं, रक्त तपासलं आणि स्कॅन सांगितलं. शिरेत औषध देऊन करायचा, आणि मशीन जवळ एकच, वरच्या हॉस्पिटलात. सासरे उठून उभे राहिले. "ज्या औषधापायी गेटावर बसलो, तेच अंगात घेऊ? लोक काय म्हनतीन? आनखी माह्या अंगातून ते त्याच नाल्यात जाईन, माह्याच पालकाले. नाई म्हंजे नाई."

घरी आल्यावर नवऱ्यानं समजावलं, हात जोडले. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांचं कारण अगदीच खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. अर्धं खरं कारण सापडलं की माणूस त्याच्या आडून हलत नाही. आणि दिवस तर जात होते. आता त्यांना वरणाचं पाणीही अर्ध्या वाटीच्या वर जात नव्हतं. माझ्याकडे समजावण्याची कला नाही. माझ्याकडे जे आहे तेच मी वापरलं.

"मामाजी," मी म्हटलं, "डाक्टरचा भरोसा नोका करू. मशीनचा नोका करू. पन साऱ्या गावाची झडती घेता, हॉस्पिटलची घेतली, नाल्याची घेतली. एका आपल्या पोटाची काऊन नाई घेत? तिथं कोन लपून बसलं हाय, पाहू तं द्या."

ते वळले नाहीत.

"आनखी तुमच्या डब्याचं म्हनाल, तं तो मी सोता नेतो. थेंब नाल्यात जाऊ देत नाई. कुठं ओततात, काय करतात, उभी राहून पाहतो."

भिंतीकडूनच आवाज आला. "तू पाहशीन?"

"माह्यावरही संशय?"

"तुह्यावर नाई," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुपट्टा घेऊन तेच आधी बाहेर येऊन उभे राहिले.

स्कॅनच्या खोलीबाहेर तो इंजिनियर दिसला. त्यानं आम्हाला ओळखलं. मला वाटलं, आता टोमणा मारणार, मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं सासऱ्यांच्या गालफडांकडे नुसतं बघितलं. आत जाऊन स्वतः डबा घेऊन आला आणि माझ्या हातात दिला.

तो डबा घरी घेऊन आले. सासऱ्यांनी तो असा जपला की एरवी बियाणंही कुणी जपत नसेल. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बुवा, नोका देजा वापस, विकतात ते!" सासरे क्षीण आवाजात पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "विकू दे. माह्या पालकात नाई आलं म्हंजे झालं." दुसऱ्या दिवशी तो मीच परत नेला. इतरांसारखा आत देऊन निघाले नाही, मागे मागे गेले. वेगळी झाकणाची टाकी होती, त्यात तो ओतताना पाहिला. ही टाकी कुठे जाते? गाडीनं बाहेर, जाळायला. गाडी केव्हा येते? येईल त्या दिवशी या. मी गेले. भरलेला कोळसा कुठे टाकता? नाल्याकाठी तर नाही ना? तोही गाडीत चढताना पाहिला. इंजिनियर वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही इथे नोकरीलाच या." मी म्हटलं, पगार घेतला तं मंग मले कोन मानन?

स्कॅनमध्ये दिसलं. जठराच्या तोंडाशी गाठ होती. डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला आणि पेनानं दाखवलं. ती जागा खरंच उठून दिसत होती. सासरे बघत राहिले. मला वाटलं होतं कोसळतील. ते म्हणाले, "हे व्हय का ते?" चोर सापडल्यावर माणूस जसा विचारतो तसं. आणि मग नागपूरला ऑपरेशन झालं, जठराचा मोठा भाग काढला, पुढची औषधं चालू झाली. आणखी उशीर केला असता तर हात लावता आला नसता, असं तिथले डॉक्टर नवऱ्याला म्हणाले. पुढे काय ते कुणीच छातीठोकपणे सांगत नाही, आणि सांगितलं तरी मी मानणार नाही. पण ते थोडं थोडं जेवायला लागले. मऊ भात, गाळलेलं वरण, आंबील. कच्चं काहीही नाही, अशी सक्त ताकीद होती.

थंडीत ते पुन्हा बाजारात येऊन बसले. नको म्हटलं तरी आले. मी डाली मांडली. पालक चांगला आला होता, नाल्याच्याच पाण्यावरचा. लोक जमले, पण घेईनात. प्रकृती विचारली, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग तीच बाई, पहिल्यांदा विचारणारी, म्हणाली, "बुवा, आता पान खाऊन दावता का?"

सासऱ्यांनी जुडी हातात घेतली. आवाज आधीसारखा राहिला नव्हता, लोक जवळ सरकले.

"मले डाक्टरनं कच्चं बंद केलं. माह्या पोटात गाठ होती. तवा पान म्या पान्यापायी नाई सोडलं, मले गिळत नव्हतं. तुमाले पानी सांगतलं, आपलं पोट नाई सांगतलं. साऱ्या वाड्यायचा पालक बकऱ्यायले गेला, तो माह्यापायी."

अल्लीपूरची भाजीवाली हातातला मुळा तसाच धरून बसली होती. त्यांनी जुडी सोडली, बोटांनी वरची पानं बाजूला केली, मधलं एक पान काढलं आणि ते माझ्यासमोर धरलं.

"हे माही सून," ते लोकांना म्हणाले. "हिच्यापरीस संशयी मानूस साऱ्या जिल्ह्यात नाई. पान्यापाठी हे गेलती, माह्या डब्यापाठी गेलती, कोळशापाठी गेलती. साहेबाले खाऊन टाकलं इनं. हिले इचारा. हे खाईन तं घ्या. नाई खाईन तं घेऊ नोका."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यात इंजिनियरचं वाक्य होतं, बरंचसं, सगळं नाही. गल्लीतले तूरडाळीचे डबेही डोळ्यांपुढे आले. त्यातले किती परत गेले आणि किती नाल्यात, हे मला कुठे ठाऊक होतं! सासरे पान तसंच पुढे धरून होते. त्यांनी सांगितलेलं एकच वाक्य मला त्या क्षणी आठवलं: जे लोकायले, तेच आपल्याले.

मी पान घेतलं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. उजेडात धरलं, वास घेतला. गर्दीत कुणीतरी हसलं. मग ते पान मी खाल्लं. न धुता, नीट चावून, समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघत. चव पालकाचीच होती, थोडी मातीची. गिळलं, आणि लोकांना दिसावं म्हणून तोंड उघडून दाखवलं.

"मी मेलो तं साऱ्यायले भाजी फुकट," मी म्हटलं.

"मेलो नाई, मेली," सासरे म्हणाले, आणि दुपट्ट्यानं डोळे पुसून त्यांनी त्या बाईच्या पदरात पहिली जुडी टाकली.